मेंढरांनी आखलेलं मैदान

नवं गोल्फ मैदान झालं की ते कुणी आखलं हे आधी सांगितलं जातं. त्या नावावर सदस्यत्व खपतं, आजूबाजूचे बंगले खपतात. पण स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज गावात ‘ओल्ड कोर्स’ नावाचं जे मैदान आहे, म्हणजे या खेळातलं सर्वांत मानाचं ठिकाण, त्याला मूळ आखणी करणारा कुणी नाहीच. वाऱ्याने वाळू आणून टाकली, पावसाने तिच्यावर गवत धरलं, सशांनी आणि मेंढरांनी ते कातरून ठेवलं आणि गावचे लोक काही शतकं त्याच्यावरून चेंडू मारत चालत राहिले. एकोणिसाव्या शतकात ओल्ड टॉम मॉरिस या जाणत्या माणसाने निगा राखली, काही ग्रीन, म्हणजे खळीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, नव्याने केली. पण तीही डागडुजीच.

सातारा-सांगलीकडच्या माणसाने यात लक्ष घालायचं कारण मेंढरं. आमच्या या दोन जिल्ह्यांना समुद्र नाही. माळ मात्र आहे, माळावर वारा आहे आणि मेंढरं तर माणदेशाइतकी दुसरीकडे कुठे दिसतील! गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवंगार लॉन, कारंजी, पहारेकरी आणि आत जायला न मिळणारं फाटक येतं. तो खेळ मूळचा ज्या जमिनीवर रुजला ती या चित्रापेक्षा जतच्या माळाच्या जास्त जवळची आहे, असं माझं म्हणणं आहे.

या जमिनीला ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्राची पुळण आणि नांगरटीची जमीन यांच्यामधला वाळूचा उंचसखल पट्टा म्हणजे लिंक्स. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर स्कॉटलंडची जमीन हळूहळू वर आली, समुद्र मागे हटला, जुनी पुळण कोरडी पडली. वाऱ्याने तिची टेकाडं केली. टेकाडांवर मरॅम नावाचं चिवट गवत रुजलं. आपल्या कोकणात वाळू धरून ठेवायचं जे काम मर्यादवेल करते, तेच तिथे हे गवत करतं. त्याच्या आतल्या बाजूला फेस्क्यू जातीचं बारीक, आखूड गवत आलं. या वाळूत पीक येत नाही, नांगर धरला तर जमीन वाऱ्यावर उडून जाते. म्हणून शेतकऱ्याने ती सोडून दिली आणि गावाने ती सगळ्यांची मानली. गुरं चारा, कपडे वाळत घाला, तिरंदाजी करा, चेंडू मारा.

बंकर, म्हणजे मैदानातले ते वाळूचे खड्डे, आज यंत्राने खणतात. लिंक्सवरचे जुने बंकर कसे झाले याबद्दल मात्र मेंढरांकडे बोट दाखवलं जातं. समुद्रावरून बोचरा वारा सुटला की मेंढरं उंचवट्याच्या आडोशाला दाटीने बसायची. रोज तिथेच बसल्याने गवत झिजलं, खालची वाळू उघडी पडली, वाऱ्याने ती आणखी कोरली. सशांच्या बिळांनीही हातभार लावला. आटपाडीच्या वाटेवर वैशाखातल्या दुपारी मेंढरांचा कळप पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागणार नाही. एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून ती अशी गोळा होतात की, उठल्यावर खाली मातीचा उघडा गोल राहतो. तिकडे वाऱ्यामुळे, इकडे उन्हामुळे. मेंढराची आडोसा धरायची रीत एकच.

ओल्ड कोर्सवर असे ११२ बंकर आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना माणसासारखी नावं आणि लौकिक आहेत. चौदाव्या होलवरचा ‘हेल’ बंकर पुरुषभर उंचीहून खोल. सतराव्या होलवरचा ‘रोड’ बंकर आकाराने लहान, पण १९७८च्या ओपन स्पर्धेत जपानच्या टॉमी नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवरून घरंगळत त्यात गेला आणि बाहेर काढायला त्याला चार फटके लागले. त्या एका होलला नऊ! अमेरिकेचा बॉबी जोन्स १९२१ साली अकराव्या होलच्या बंकरमध्ये असा अडकला की स्पर्धेतूनच बाद झाला. याच जोन्सने १९२७ साली इथेच ओपन जिंकली आणि १९५८ साली गावाने त्याला आपलं नागरिकत्व बहाल केलं. २००० साली टायगर वुड्स चारही दिवसांत एकाही बंकरमध्ये न जाता जिंकला. लोक त्याची आठ फटक्यांची आघाडी विसरतील, ही गोष्ट विसरणार नाहीत.

लिंक्सवरचा खेळ हवेतून कमी आणि जमिनीवरून जास्त चालतो. वाळूतून पाणी लगेच झिरपतं, त्यामुळे जमीन कडक असते आणि चेंडू पडल्यावर दूर धावतो. कुठे धावेल हे जमिनीचा उतार ठरवतो. झाडं नसतात, म्हणून वाऱ्याला अडवणारं काही नसतं. सकाळी जो होल सोपा वाटला तोच दुपारी वारा फिरल्यावर वैरी होतो. ओल्ड कोर्सचे नऊ होल गावापासून लांब जातात आणि उरलेले नऊ गावाकडे परत येतात. जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर. जाणारे आणि येणारे यांच्यात सात मोठी ग्रीन सामाईक आहेत, म्हणजे एकाच ग्रीनवर दोन होल. त्या जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी अठरा येते. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं. आणि अठरा हा आकडा तरी कुठून आला? पूर्वी फेरी बावीस होलांची होती. १७६४ साली सुरुवातीचे चार छोटे होल जोडून दोन केले; जाता-येता मिळून चार कमी झाले. पुढे सगळ्या जगाने तेवढेच धरले.

आता हक्काची गोष्ट. मला हा भाग खेळापेक्षा जास्त रंगतदार वाटतो.

१५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टनला या लिंक्सवर ससे पाळायचे होते. गावाने त्याला मुभा दिली आणि त्याने लेखी मान्य केलं की, इथे गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित आहे. एवढा मोठा धर्माधिकारी, पण कागद त्याला करून द्यावा लागला. पुढे १७९७ साली कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेने ही जमीन विकून टाकली. नव्या मालकांनी सशांचा धंदा मांडला. ससे इतके वाढले की बिळांमुळे खेळणं अवघड झालं. गावकरी ससे मारू लागले, प्रकरण कोर्टात गेलं आणि भांडण वीसेक वर्षं चाललं. १८२१ साली स्ट्रॅथटायरमच्या जेम्स चीप या जमीनदाराने लिंक्स विकत घेऊन सशांचा धंदा बंद केला, तेव्हा कुठे मैदान वाचलं. १८९४ साली पार्लमेंटने खास कायदा करून जमीन गावाच्या ताब्यात आणली. १९७४ पासून एक विश्वस्त संस्था ती सांभाळते.

म्हणजे जगातलं सर्वांत प्रतिष्ठित गोल्फ मैदान आजही सार्वजनिक आहे. पहिल्या आणि अठराव्या होलवरून गावाचा रस्ता जातो; खेळाडू थांबतात, लोक समुद्राकडे निघून जातात. रविवारी खेळ बंद. त्या दिवशी आयाबाया, पोरं, कुत्री घेऊन लोक फिरायला येतात. मोठ्या स्पर्धांपुरताच याला अपवाद. बाहेरून येणाऱ्यांसाठी सोडत असते. चिठ्ठी निघाली तर खेळायचं. २००४ पर्यंत गोल्फचे नियम ठरवणारा ‘आर अँड ए’ हा १७५४ सालचा क्लब पहिल्या टीच्या, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेच्या, मागेच उभा आहे, पण मैदान त्याच्या मालकीचं नाही. या क्लबाने बायकांना सदस्यत्व दिलं ते २०१४ साली. जमीन सगळ्यांची आणि क्लब निवडकांचा, हा विसंवाद तिथेही आहेच. स्कॉटलंडला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही.

या किनाऱ्याचा आणि साताऱ्याचा एक जुना धागा आहे. १८१८ साली सातारचं राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली पुन्हा उभं राहिलं, तेव्हा प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आलेला जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधल्या बॅन्फ या समुद्रकाठच्या गावात १७८९ साली जन्मला. तो १८२२ पर्यंत साताऱ्यात होता. मराठ्यांचा इतिहास त्याने लिहिला तो १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या चुका काढण्यात आपल्या इतिहासकारांच्या दोन पिढ्या गेल्या. महाबळेश्वर वसवणारा सर जॉन माल्कम हाही स्कॉटिशच, पण डोंगराकडचा. बॅन्फ ज्या मोरे फर्थ आखाताच्या काठावर आहे, त्याच आखाताच्या पश्चिम टोकाला इन्व्हर्नेसजवळ कॅसल स्टुअर्ट नावाचं लिंक्स आहे. २०१२ साली तिथे जीव मिल्खासिंगने स्कॉटिश ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय.

पण ही स्कॉटिश मंडळी इकडे आली तेव्हा खेळ बरोबर आला, जमिनीचा रिवाज आला नाही. १८२९ साली कोलकात्याला क्लब निघाला, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. १८४२ साली मुंबईला क्लब निघाला. त्याचं मैदान कुठे? किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल अशा तुकड्यांत उरलेली ती मोकळी जागा तेव्हा समुद्राच्या वाऱ्यात होती, कारण भराव अजून पडायचे होते. महाराष्ट्रातलं समुद्रकाठचं गोल्फ कुठलं असं विचारलं तर हेच उत्तर. आणि मौज अशी की हक्काचं भांडण तिथेही झालं, मात्र गोल्फवरून नव्हे. १८८०च्या आसपास याच मोकळ्या जागेत साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी क्रिकेटच्या खेळपट्ट्या तुडवल्या, तेव्हा पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी हा सगळा लढा पुढे पुस्तकात लिहून ठेवला. सेंट अँड्र्यूजला ससे होते, मुंबईत घोडे. मैदानावरची माणसं दोन्हीकडे सारखीच चिडली.

गोल्फ मात्र मैदान सोडून कुंपणात गेलं. मुंबईतच १९१८च्या सुमारास विलिंग्डन क्लब, १९२७ साली चेंबूरचा. महाबळेश्वरला साहेबाने क्लब काढला, तिथेही खेळ नेला. पण साडेपाच हजार मिलिमीटर पावसाच्या लाल मातीवर किनाऱ्याचा खेळ नेला की जे व्हायचं ते झालं. थंड हवेच्या ठिकाणचा एक करमणुकीचा कार्यक्रम, बस्स.

उलट दिशेनेही काही गेलं, अशी एक कथा सेंट अँड्र्यूजमध्ये सांगतात. १८४०च्या दशकात तिथल्या पॅटर्सन नावाच्या गृहस्थांकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून भोवती गटापर्चा हा झाडाच्या चिकाचा पदार्थ भरला होता. पॅटर्सनांच्या मुलाने तो गरम करून त्याचा चेंडू वळला. तोपर्यंत चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसं. महाग आणि पावसात निकामी होणारा. गटापर्चाचा चेंडू स्वस्त होता, म्हणून खेळ गरिबांच्याही हाती आला. मूर्तीची कथा खरी असो वा रचलेली, गटापर्चा मलायाकडून आला आणि १८४८च्या आसपास त्या चेंडूने खेळ पालटला, हे खरं.

आता पावसाचा हिशेब मांडू, कारण त्यात एक चकवा आहे. सेंट अँड्र्यूजला वर्षाला साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या मानाने काहीच नाही. तो आकडा जवळचा आहे आपल्या दुष्काळी पट्ट्याला. जतला साधारण पाचशे पडतो. मग तिकडे हिरवं आणि इकडे करडं का? तिकडे तो बारा महिने थोडा थोडा पडतो आणि ऊन मवाळ असल्याने ओल टिकते. इकडे त्यातला बराचसा जून ते ऑक्टोबरच्या मोजक्या सरींत येतो आणि मुरमावरून वाहून जातो. म्हणजे ज्या माळाला आपण उजाड म्हणतो तो उजाड नसतो, वर्षाचे सात-आठ महिने वाट बघत असतो. पहिल्या सरीनंतर पंधरा दिवसांत कुसळी गवत वर येतं तेव्हा जत, आटपाडी, कवठेमहांकाळचा माळ पाहावा. 

या माळाने आपलं एक जनावर घडवलं. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी मेंढी उंच, लांब पायांची, पांढऱ्यावर तपकिरी डागांची. नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. दूरवर चालत चरणारी ही जात. दिवाळी सरली की कार्तिकात आटपाडीला उत्तरेश्वराची यात्रा भरते आणि शेळ्यामेंढ्यांचा मोठा बाजार होतो. २०२० साली इथे माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी झाली आणि मालकाने दिला नाही, ही बातमी राज्यभर गाजली होती. ज्या जमिनीवर ही जात तयार झाली तिच्यातला बराच भाग सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागतो. म्हणजे लागवडीला नालायक, आकाराला माफ.

दिवाळीच्याच सुमारास माण-फलटणकडचे धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरतात. कोकणातल्या भातखाचरांत मेंढरं बसवायची, शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. पावसाच्या तोंडावर परत माळावर. साताऱ्याचं मेंढरू असं दरवर्षी समुद्राच्या वाऱ्यात जाऊन येतं. परतल्यावर माळ जागेवर असेल का, हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी वर चढवलं, दुष्काळी तालुक्यांत द्राक्षं, डाळिंबं, ऊस उभा राहिला. ज्याच्या रानात पाणी आलं त्याचं भलं झालं, त्यावर बाहेरच्याने नाक मुरडू नये. पण पाटाचं पाणी आलं की माळ जातो आणि चरणाऱ्याला त्याची भरपाई कुणी देत नाही. गायरानांची तीच गत. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी अतिक्रमणातून सोडवा असा आदेश देशभरच्या सरकारांना दिला. कागद आपल्याकडेही आहे, १५५२चा नसला तरी.

माळावरच्या वाऱ्याला मात्र गिऱ्हाईक मिळालं. पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, सातारा तालुक्याच्या वरचं चाळकेवाडी, सांगलीत ढालगाव, सगळीकडे पवनचक्क्या. चाळकेवाडीच्या सड्यावर निळ्या, काळ्या आणि केशरी रंगाचा गळा फुलवणारा सरडा राहतो. २०१६ साली ती स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. पवनचक्क्यांच्या जवळ शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून तिथे सरडे वाढले, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. रिकाम्या म्हटल्या जाणाऱ्या जागेत एक पातं फिरलं तरी खालचा हिशेब असा बदलतो.

कास पठारावरही मेंढराढोरांचा प्रश्न आला, आणि तिथे आपण जरा घाईच केली. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून कास जागतिक वारशात गेलं, माणसांची झुंबड उडाली. फुलं वाचावीत म्हणून कुंपण घातलं. हेतू चांगला होता. कुंपणाने गर्दी अडली, तशी गुरंही अडली. पुढे तक्रार सुरू झाली की उंच गवत माजतंय आणि जांभ्यावरच्या इंचभर मातीतली बुटकी फुलं त्याच्याखाली दबताहेत. पिढ्यान्‌पिढ्या चराईने जे गवत आवाक्यात राहत होतं ते सुटलं, असं गावकरी म्हणत होते आणि काही अभ्यासकही. शेवटी कुंपण काढायचं ठरलं. ब्रिटनच्या लिंक्सवर हेच झालेलं आहे. ससे आणि मेंढरं गेली तिथे जाड गवत आणि पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं माजली. आता यंत्रं आणि माणसं लावून ती काढावी लागतात. मेंढरू हे काम फुकट करत होतं.

नव्या गोल्फने याच्या उलटा रस्ता धरला. अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेला मेनी इथे डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१२ साली लिंक्स मैदान सुरू केलं. तिथली वाळूची टेकाडं सरकती होती, त्यासाठीच त्यांना वैज्ञानिक महत्त्वाचं स्थळ म्हणून संरक्षण होतं. मैदानासाठी ती बांधून ठेवली गेली. २०२० मध्ये संरक्षणाचा दर्जाच काढून घेतला, कारण राखण्याजोगं उरलं नव्हतं. शेजारचा शेतकरी मायकेल फोर्ब्स याने जमीन विकायला नकार दिला, त्यावरून तो देशभर ओळखला गेला. आपल्याकडे सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्याच्या तेरेखोल गावात गोल्फ प्रकल्प आला तेव्हा गावकरी असेच आडवे आले. काजूच्या बागा आणि कुळांच्या जमिनींवर त्यांना अठरा होल नको होते.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात वेस्टवर्ड हो नावाचं गाव आहे. १८६४ पासून तिथल्या नॉर्दम बरोज या गायरानावर गोल्फ चालतो. मूळ आखणी ओल्ड टॉम मॉरिसचीच. आजही होलांच्या मधून मेंढरं आणि घोडी चरतात, कारण त्या गावात चूल असलेल्यांना चराईचा वडिलोपार्जित हक्क आहे आणि क्लब त्यांच्या जमिनीवरचा पाहुणा आहे. गायरानाला समुद्रापासून वाचवतो तो गोट्यांचा लांबलचक बांध. वादळांनी विस्कटलेल्या गोट्या वर्षातून एकदा गावाने जमून परत बांधावर टाकायच्या, अशी रीत होती. मैदानाच्या कडेचा काही भाग समुद्राने तोडून नेला आहे. स्कॉटलंडमध्ये मॉन्ट्रोजला, जिथे साडेचारशे वर्षांहून जुना गोल्फ आहे, टी मागे सरकवावे लागले आहेत. क्लबवाले सरकारकडे दगडी भिंतीसाठी पैसे मागतात; वाळूच्या किनाऱ्यावर भिंत बांधली तर शेजारची पुळण खचते, म्हणून अभ्यासक नको म्हणतात. वेस्टवर्ड होची मेंढरं यंदाही सोळाव्या-सतराव्या होलकडे चरायला असतील. चेंडू लेंड्यांत पडला तर उचलून बाजूला ठेवून मारायचा.